मंगळवारचे अकरा नमुने

मी कधीच चुकत नाही, असं मी म्हटलेलं नाही. पण तीन वर्षांत तशी वेळ आलेली नाही, एवढं मात्र मी ज्याला-त्याला ऐकवत होते.

माझं काम विषाचं. समुद्रात एक बोटभर लांबीची गोगलगाय असते. शंख शंकूसारखा, आणि चाल अशी की तिच्याकडे बघता बघता हातातला चहा गार व्हावा. पण ही बया शिकार करते. सोंड बाहेर काढते, सोंडेच्या टोकाला सुईसारखा पोकळ दात, त्यातून विष टोचते आणि तळाशी वळवळणारा किडा जागच्या जागी आडवा. हिच्या भावकीत मोठ्या, मासे खाणाऱ्या गोगलगायीही आहेत. त्यांच्याकडे दोन प्रकारची विषं असतात. एक पोटासाठी, दुसरं कुणी अंगाशी आलं तर त्याला अद्दल घडवण्यासाठी. आता यातलं आधी कुठलं आलं? माझं उत्तर ठाम होतं. आधी शिकार, बचाव नंतर. कारण माझी बोटभर गोगलगाय त्या खानदानातली सगळ्यांत जुनी शाखा, आणि तिच्याकडे फक्त शिकारीचं विष होतं. हे मी तीन वर्षांत एकशे एकोणतीस नमुन्यांनी दाखवलं होतं. शोधनिबंध स्वीकारला गेला होता. शुक्रवारी त्याच संस्थेत कायमच्या जागेसाठी माझी मुलाखत होती.

जागा एकच होती. माझी पोस्टडॉकची मुदत दोन महिन्यांत संपत होती. वय चौतीस. दादा दर भाऊबिजेला नव्हे, दर फोनला विचारायचा, "पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतर पुन्हा त्याच वर्गात बसवतात तेच ना?" त्याला गप्प करायची एवढी चांगली संधी परत मिळणार नव्हती.

रविवारी सकाळी मी भाषणाची तालीम आईसमोर केली. आई तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. चुकलेलं गणित खोडायचं नाही, त्यावर एक आडवी रेघ मारायची, आणि रेघेखालचं वाचता आलं पाहिजे. तिच्या हाताखालून गेलेली मुलं अजून रस्त्यात भेटली की आधी हात मागे घेतात.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक ठेवला आणि वीस मिनिटं अस्खलित बोलले. आई भेंडी चिरत ऐकत होती.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "एकच विचारू? नमुने एकशे चाळीस घेतलेस म्हणालीस. मग तक्त्यात एकशे एकोणतीस कसे?"

"अकरा खराब होते. काढून टाकले."

"खोडलेस?"

"आई, खोडले नाहीत. नळी अस्वच्छ होती. मोठ्या गोगलगायींचं विष त्यात मिसळलं होतं."

"अकराच्या अकरा नळ्या?"

"हो!"

"मग त्यांच्यात काहीतरी सारखं असेल ना," आई म्हणाली आणि भेंडी कढईत टाकली.

माझ्या नाकावर राग असतो, हे मला लहानपणापासून सांगण्यात आलं आहे. जिने आयुष्यभर लसावि-मसावि शिकवले तिने मला नमुन्यांबद्दल शिकवावं! सारखं काही नाही हे दाखवून तिला गप्प करायचं, एवढ्याच हेतूने मी त्या अकरा तारखा काढल्या आणि संगणकातल्या दिनदर्शिकेशी ताडून पाहिल्या.

अकराच्या अकरा मंगळवार होते.

मी आईला काही सांगितलं नाही. जेवताना ती म्हणाली, "मीठ बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "आहे." ती माझ्याकडे बघून हसली. मला ते हसू मुळीच आवडलं नाही.

इथे आमच्या कामाची पद्धत सांगायला हवी. गोगलगायीचं विष काढणं म्हणजे म्हशीची धार काढण्यासारखं नाही, तिची खुशामत करावी लागते. एका छोट्या नळीच्या तोंडावर पातळ रबर ताणून बसवायचं. ते रबर म्हणजे निरोध, दुसरं काही एवढं पातळ आणि मजबूत मिळतच नाही. कोपऱ्यावरचा औषधवाला मला महिन्याला चार डझन देतो आणि बिल करताना छताकडे बघतो. मग रबरावर किड्याचा रस चोळायचा आणि नळी गोगलगायीसमोर धरून बसायचं. तिला वास आला, मन झालं, तर ती रबरातून दात खुपसते आणि आत विषाचा एक थेंब पडतो. हे सगळं आम्ही गुरुवारी करायचो. गुरुवारी विष तपासायचं यंत्र दुसऱ्या कुणाला दिलेलं असलं, तरच मंगळवारी.

विष काढायची मी. हौद सांभाळायचे काका. हौदखान्याचे काका संस्थेत माझ्या दुप्पट वर्षं आहेत. बाकी सगळे मला डॉक्टर म्हणतात, ते 'छोट्या मॅडम' म्हणतात, कारण मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. नळ्या धुण्याचं कामही काकांचं. पहिल्या वर्षी पाच नमुन्यांच्या आलेखात तीन जास्तीची शिखरं दिसली, मोठ्या गोगलगायींच्या बचावाच्या विषासारखी. मोठ्या गोगलगायींचा हौद आणि माझ्या गोगलगायींचा हौद, दोन्ही हौदांना नळ्या त्याच होत्या. मी सरळ हौदखान्यात गेले आणि काकांना चार लोकांसमोर झापलं. "एवढीशी नळी धुता येत नाही?" म्हटलं. प्रयोगाच्या नोंदवहीत पाच ठिकाणी लिहिलं: नळी अस्वच्छ. काकांनी नळ्यांचा ट्रे उचलून परत मोरीकडे नेला. नंतरच्या दोन वर्षांत तसेच आणखी सहा नमुने आले. मी चिडले, सहा वेळा तेच लिहिलं आणि पुढे गेले.

सोमवारी सकाळी मी हौदखान्यात गेले. काका जाळीने पाण्यावरचा कचरा काढत होते.

"काका, मंगळवारी तुम्ही नळ्या वेगळ्या धुता का?"

त्यांनी जाळी खाली ठेवली, हात पुसले आणि कपाटातून एक लांबट वही काढून माझ्यासमोर धरली. तुम्ही बोललात त्या दिवसापासूनची आहे, म्हणाले. प्रत्येक नळीला क्रमांक. दोन हौदांच्या नळ्या वेगळ्या, एकीवर लाल पट्टी, दुसरीवर निळी. प्रत्येक क्रमांकासमोर तीन खुणा, म्हणजे तीन धुणी, आणि शेवटी सही. दोन वर्षांत एकही रकाना रिकामा नव्हता. ते सहा मंगळवारही त्यात होते, तीन-तीन खुणांसकट.

वही कपाटात दोन वर्षं होती. मी ती एकदाही मागितली नव्हती.

"मग मंगळवारी वेगळं काय होतं, काका?"

"मंगळवारी मी त्यांना घासतो," ते म्हणाले. "शंखावर शेवाळ धरतं, ते सुटून गाळणीत अडकतं. म्हणून सकाळी एकेकीला पालथी करून दातांच्या ब्रशने घासतो. तुम्ही दहाला येता, त्याच्या आतच उरकतो. मंगळवारी त्या जरा चिडक्या असतात. तुम्हीच म्हणायचात की, आज भराभर दिलं म्हणून."

म्हणायचे खरी. मंगळवारी त्या माझी नळी पुढे आली रे आली की डंख मारायच्या. माझ्या हाताला सवय झाली, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत?"

"तुम्ही नळ्यांबद्दल बोलत होतात," काका म्हणाले. "गोगलगायींबद्दल विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

मी तिथल्या उलट्या बादलीवर बसले. डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं आणि ते बसणं काही सुखाचं नव्हतं. नळ्या स्वच्छ होत्या. गोगलगायी घाबरलेल्या होत्या. बचावाचं विष माझ्या बोटभर गोगलगायीकडेही होतं, आणि तिने ते मला अकरा वेळा दिलं होतं. मी ते अकराही वेळा खोडलं होतं.

पण अंदाजावर मी रडत नाही. बुधवारी बारा गोगलगायी निवडल्या. सहांना काकांनी पालथं करून घासलं, सहांना हात लावला नाही. बारा नळ्या, सगळ्या कोऱ्या, पाकीट माझ्यासमोर फोडलं. कुठली नळी कुणाची हे फक्त काकांना माहीत, म्हणजे मला मनाजोगतं वाचता येऊ नये. नमुने यंत्रात गेले. हे यंत्र रेणूंचं वजन करतं आणि प्रत्येक वजनाचं एक शिखर काढून देतं. गुरुवारी दुपारी चारला आलेख आले. सहांत तीन जास्तीची शिखरं, सहांत एकही नाही. काकांनी खिशातला कागद काढला आणि आम्ही ताडून पाहिलं. सहाच्या सहा घासलेल्या.

आणखी एक गोष्ट होती. या शिखरांची वजनं मोठ्या गोगलगायींच्या विषाशी तंतोतंत जुळत नव्हती, किंचित कमी भरत होती. जुन्या अकरा आलेखांत तशीच किंचित कमी होती. यंत्राला तेवढं इकडेतिकडे चालतं म्हणून मी सोडून दिलं होतं. म्हणजे हे विष तिचं स्वतःचं होतं, उसनं नव्हतं. सगळ्यांत जुन्या शाखेतच बचाव होता. माझा निबंध साफ चुकला होता.

मी मोठ्या मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी आलेख दोनदा पाहिले, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मुलाखत उद्या आहे," त्या म्हणाल्या. "निबंध मागे घ्यायचं पत्र सोमवारी पाठवलंस तरी चालेल. कुणी काही म्हणणार नाही. मीही नाही."

त्यांनी हे माझ्या भल्यासाठी म्हटलं. मला मोह झाला नाही असं सांगितलं तर खोटं होईल. जिना उतरेपर्यंत मला ते पूर्णपणे पटलेलं होतं. दादाचा चेहरा दिसत होता, कायमचं ओळखपत्र दिसत होतं. मग खाली हौदखान्याच्या दारातून काका दिसले. नळ्या धूत होते. एकदा, दोनदा, तीनदा. खूण. मला स्वतःचा इतका राग आला की मी तशीच उलटी फिरले, दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले आणि पत्र मॅडमसमोर बसूनच लिहिलं.

"तुझा स्वभाव नडणार तुला एक दिवस," मॅडम म्हणाल्या आणि खाली सही केली.

शुक्रवारी समोर पाच जण होते. मी पहिलं चित्र लावलं. त्यावर माझ्या निबंधाचं शीर्षक आणि शीर्षकावर एक आडवी रेघ. खालचं सगळं वाचता येत होतं.

"हे मी तीन वर्षं म्हणत होते," मी म्हटलं. "हे चूक आहे. काल निबंध मागे घेतला. बरोबर काय आहे ते आता सांगते."

आणि सांगितलं, नोंदवहीतली ती अकरा पानंही दाखवली. इतकं छान मी जन्मात बोलले नव्हते, कारण या वेळी मला काहीच लपवायचं नव्हतं. शेवटी मधे बसलेल्या अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं.

"तुमच्या नोंदवहीत अकरा वेळा 'नळी अस्वच्छ' लिहिलं आहे. त्या नळ्या कोण धूत होतं?"

मी काकांची वही त्यांच्यासमोर ठेवली. "ज्यांची ही वही ते, आमचे हौदखान्याचे काका. मी त्यांना चार लोकांसमोर बोलले, म्हणून त्यांनी दोन वर्षं प्रत्येक नळी तीनदा धुतली. मी ही वही या सोमवारी पहिल्यांदा पाहिली. नव्या निबंधावर त्यांचं नाव माझ्या नावाशेजारी असेल."

"बाई, तीन वर्षं चूक होतात म्हणता, आणि बोलता मात्र छातीठोकपणे," अध्यक्ष म्हणाले. "आता तरी बरोबर आहात कशावरून?"

"नसेन तर तेही सांगायला मीच येईन," मी म्हटलं. "उत्तर काय आहे हे मला गेल्या महिन्यातही माहीत होतं. आता कुणाला विचारायचं तेही माहीत आहे."

ते हसले की खाकरले, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पण सोमवारी संध्याकाळी नेमणुकीचं पत्र आलं. आईने ते चष्मा लावून शब्दन् शब्द वाचलं, चूक सापडली नाही म्हणून परत एकदा वाचलं, आणि मग मला जवळ ओढून रडली. दादाने फोनवर विचारलं, "म्हणजे आता वरच्या वर्गात घातलं?" मी म्हटलं, "हो रे बाबा, घातलं."

दुसऱ्या दिवशी मंगळवार. दहाच्या ऐवजी मी आठलाच हौदखान्यात गेले, नोंदवही काखेत घेऊन. काका गोगलगायी घासत होते. मी शेजारी उभी राहून त्या अकरा पानांवरच्या 'नळी अस्वच्छ'वर एकेक आडवी रेघ मारली आणि प्रत्येक रेघेखाली लिहिलं: चूक माझी. सही केली आणि वही त्यांच्यासमोर धरली.

"काका, त्या दिवशी चार लोकांसमोर बोलले होते. मुलाखतीत पाच जणांसमोर चूक कबूल केली. पण तुमची माफी मागायची राहिली होती. माझं चुकलं."

काकांनी अकराही पानं सावकाश वाचली. मग ब्रश ठेवला, आणि मोरीकडे जाऊन ओल्या नळ्यांचा ट्रे घेऊन आले. त्यांची लांबट वहीही बरोबर होती. त्या दिवसाच्या पानावर प्रत्येक क्रमांकासमोर एकच खूण होती.

"आजपासून एकदाच धुतोय," ते म्हणाले. "पहिल्यापासून एकदा पुरत होतं, छोट्या मॅडम."

मी त्यांच्या हातातून एक नळी घेतली, उजेडाकडे धरून पाहिली, आणि तिच्यावर रबर ताणायला घेतलं.