नावापासून फोटो न हलू देणारं सॉफ्टवेअर

आमच्या मंडळाची वधू-वर परिचय पुस्तिका दर वर्षी सदाशिव पेठेतल्या एका प्रेसमध्ये लागायची, म्हणजे पानं जुळवून छापली जायची, आणि दर वर्षी तिच्यात काहीतरी चुकायचं. जन्मसाल चुकलं, पदवी चुकली, तर लोक पेनानं दुरुस्त करून घेतात. पण गेल्या वर्षी ढवळ्यांच्या दीपालीच्या नावाशेजारी दुसऱ्याच मुलीचा फोटो छापला गेला. लातूरहून मंडळी आली, पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाची आत्या म्हणाली, "हं, आता मुलीला बोलवा."

दीपाली तेव्हा तिच्या समोरच बसली होती.

त्यानंतर पुस्तिकेचं नाव काढलं की ती उठून आत जायची. यंदा नाव देणार नाही म्हणजे नाहीच, असं तिनं सांगून टाकलं. तिची वहिनी प्रियदर्शनी ढवळे त्यावर घरात एक शब्द बोलली नाही. ती थेट मंडळाच्या बैठकीत बोलली.

"यंदा पुस्तिका मी घरी लावते. प्रेसनं फक्त छापायची."

"घरी?" आमचे अध्यक्ष बाबुराव हसले. "ताई, घरी लोणचं घालतात."

"घालतात ना. आणि तुम्ही दर उन्हाळ्यात एक बरणी नेता. कधी खराब निघालं का?"

बाबुरावांच्या खात्यात लोणचं बरंच जमा होतं, त्यामुळे त्यांना आवाज चढवता येईना. त्यांनी अध्यक्षाला शोभेल असा मधला मार्ग काढला. पुढच्या रविवारी बिनचूक नमुना दाखवा, नाहीतर काम पुन्हा पेठेत. नमुना तपासायला स्वतः अध्यक्ष जाणार आणि सोबत खजिनदार म्हणून मी. खजिनदाराला तपासायला काय येतं, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही.

साल दोन हजार चार. वारज्यात रोज एक नवी इमारत उभी राहत होती आणि प्रत्येक इमारतीत कुणाचा तरी भाचा कॉम्प्युटरवाला होता. प्रियदर्शनीचा भाचा सुदर्शन खराडीला नोकरीला. रविवारी आम्ही पोहोचलो तेव्हा तो आधीच येऊन बसला होता. जयभीम झाला, पाणी झालं. कोपऱ्यात टेबलावर कॉम्प्युटर होता, सत्त्याण्णव साली घेतलेला, अंगावर क्रोशाचं झाकण. झाकण काढताना प्रियदर्शनीनं त्याच्या माथ्यावरून हात फिरवला.

"मामी, सिरियसली सांगतो," सुदर्शन म्हणाला, "हे भंगारवाल्याला दे. माझ्या लॅपटॉपवर अर्ध्या दिवसात करू."

"आणि मराठी फॉन्ट?"

"तो कॉपी करू ना."

प्रियदर्शनीनं कॉम्प्युटर फिरवून मागची बाजू दाखवली. प्रिंटरची वायर जिथं जाते तिथं काडेपेटीएवढं एक कुलूप, म्हणजे डोंगल, खोचलेलं होतं आणि वायर त्याच्या पाठीत. ते असेल तरच तिचा मराठी फॉन्ट चालायचा, नसेल तर पडद्यावर नुसत्या चौकटी. सुदर्शनच्या सडपातळ लॅपटॉपला ते खोचायला भोकच नव्हतं.

"कुलूप फोडणारा क्रॅक मिळतो," तो हळूच म्हणाला.

"मिळत असेल. लोकांची लग्नं जमवायचीत, चोरीच्या अक्षरांनी नको."

म्हणजे मशीन हेच, हे ठरलं. आता सॉफ्टवेअर कोणतं? उमेदवार तीन. पहिलं, ज्याच्यात आपण पत्रं टाइप करतो ते साधं. दुसरं, सुदर्शनच्या मित्रानं रीतसर घेतलेलं नवंकोरं पॅकेज, ते मित्रानं महिनाभर वापरायला दिलं होतं. तिसरं, प्रियदर्शनीनं मशीनबरोबर सात वर्षांपूर्वी घेतलेलं आणि लग्नपत्रिका करून करून हातात बसलेलं जुनं.

स्थळ बघायला आल्यासारखे आम्ही खुर्च्यांवर बसलो. दीपाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आतही नाही आणि बाहेरही नाही.

नमुन्यासाठी प्रियदर्शनीनं कुणाच्याही मुलीचा फोटो वापरला नव्हता. "कुणाच्या लेकरावर प्रयोग नको," म्हणाली, आणि मंडळाच्या कार्यकारिणीलाच उपवर करून टाकलं होतं. गोदाबाई, बाबुराव, मी, सगळे ओळीनं फोटोसकट. माझ्या नावापुढे 'स्वभाव: काटकसरी' असं होतं. हरकत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं.

साध्या सॉफ्टवेअरमध्ये पान झकास दिसलं. बाबुराव खूश. "हेच घ्या, संपवा."

"थांबा साहेब. आता तुमच्या साडूची मुलगी आली."

"माझ्या साडूला मुलगी नाही."

"नसू दे. पण नावनोंदणी संपल्यावर दर वर्षी तुमच्याकडून कुणीतरी येतं आणि त्यांना पान तीनच लागतं. खजिनदार, खोटं आहे का?"

मी पंख्याकडे बघितलं. गेल्या वर्षीही असंच ऐनवेळी एक नाव पान तीनवर शिरलं होतं, पुढची सगळी नावं एकेक जागा सरकली होती, आणि त्याच सरकासरकीत दीपालीचा फोटो गेला होता. हे आमच्यापैकी प्रत्येकाला माहीत होतं. बैठकीत ते बोलायची पद्धत नव्हती, एवढंच.

प्रियदर्शनीनं साडूची न जन्मलेली मुलगी पान तीनवर बसवली. मजकूर खाली सरकला, फोटो मात्र जागच्या जागी राहिले. गोदाबाईंच्या नावाशेजारी, 'बालवाडी शिक्षिका, भरतकामाची आवड' या मजकुराला लागून, बाबुरावांच्या मिशा आल्या.

दारात कुणीतरी हसू दाबलं. प्रियदर्शनीनं मान वळवली नाही, पण तिनं ते ऐकलं असणार.

मग नवं पॅकेज. ते उघडताना पडद्यावर मोठं रंगीत चित्र आलं आणि तिथंच बसलं. आतून कुणी खडी भरडतंय असा आवाज येऊ लागला. आमचा चहा पिऊन झाला, बाबुरावांचं अध्यक्षपदावरचं भाषण झालं, तेव्हा कुठे पान उघडलं. पान देखणं होतं, यात वादच नाही. साडूची मुलगी घालायला गेल्यावर मात्र बाण गोठला.

"रॅम कमी पडतेय," सुदर्शन म्हणाला. "सॉफ्टवेअरची चूक नाही, मामी. ते नव्या मशीनसाठी आहे."

"मी कुठे त्याला नावं ठेवतेय? गुणी आहे. या घरात नाही नांदणार, इतकंच."

शेवटी जुनं. ते लगेच उघडलं, पण फोटोंच्या जागी नुसते राखाडी चौकोन. बाबुरावांना राहवेना. "अहो, यात तर चेहरेच नाहीत! म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा पुढची पायरी."

"चेहरे दाखवायला बसलं तर हे मशीन दमतं, म्हणून मीच झाकून ठेवलेत. छापताना येतात."

"न बघता कसं कळणार वहिनी, कुणाचा कुठं आहे?" हे दीपाली. दार सोडून ती दोन पावलं आत आली होती.

आता प्रियदर्शनीनं खुर्ची वळवली आणि फक्त तिच्याशी बोलली. "फोटो पानावर ठेवलेलाच नाही गं. नावाच्या ओळीतच ओवलाय, अक्षरासारखा. नाव हललं की फोटो त्याच्याबरोबर हलणार. एकट्याला कुठं जाता येत नाही." तिनं साडूची मुलगी पान तीनवर घातली. पुढचं सगळं गाडं एक जागा खाली सरकलं. तिनं छापायला दिलं. प्रिंटर करकरला आणि पानं बाहेर आली. बाबुराव बाबुरावांपाशी, गोदाबाई गोदाबाईंपाशी, काटकसरी काटकसरीपाशी.

सुदर्शननं पान उलटसुलट करून बघितलं. "मामी, हे तुला कुणी शिकवलं?"

"लग्नपत्रिकेतल्या छोट्या चित्रांनी. यजमान शेवटच्या दिवशी दोन काका वाढवतात आणि चित्र जेवणाच्या वेळेवर जाऊन बसतं. मग केली खटपट."

मी माणसं मोजून-मापून बघणारा आहे, कौतुकाचा हात माझा आखडता. पण त्या दिवशी मला या बाईचं मनापासून कौतुक वाटलं. सॉफ्टवेअर निवडताना आम्ही सगळे पान कसं दिसतं ते बघत होतो. ती एकटी, ते आमच्यासारख्या माणसांपुढे कसं टिकेल, ते बघत होती.

बाबुराव उठले. "मंजूर. पण यंदा माझ्याकडून ऐनवेळी नाव येणार नाही, लिहून घ्या."

ते खरंच आलं नाही. पुस्तिका लागली, छपाईला लागतात तशी पानं चारच्या पटीत गच्च बसली, प्रेसला द्यायची शेवटची प्रत काढायची म्हणून मी वारज्याला गेलो. दीपाली दवाखान्याच्या गणवेशातच, ड्यूटी संपवून आलेली. पर्समधून तिनं फोटोचं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"नोंदणी संपली ना वहिनी?"

"संपली. बस इथे."

प्रियदर्शनी खुर्चीतून उठली आणि तिला की-बोर्डपुढे बसवलं. दीपालीनं नाव, शिक्षण, नोकरी सावकाश टाइप केलं. 'जोडीदाराकडून अपेक्षा' या रकान्यापाशी ती थांबली. सगळ्या मुली तिथं निर्व्यसनी, सुशिक्षित असं लिहितात. तिनं लिहिलं: 'मी समोर बसले असताना मला ओळखावं.'

प्रियदर्शनीनं ते वाचलं. फोटो ओळीत ओवला. आता एका माणसाची जागा कमी पडत होती. तिनं पहिलं पान उघडलं आणि अध्यक्षीय मनोगताचा खालचा अर्धा भाग खोडण्यासाठी निवडला, तो पडद्यावर काळा झाला, आणि माझ्याकडे बघितलं.

"खजिनदार?"

"मी काही बघितलेलं नाही," मी म्हणालो.

वधू-वर मेळाव्यात बाबुरावांनी छापील पुस्तिका उघडून स्वतःचं मनोगत सावकाश वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "यंदा भाषा जमली हो," मला म्हणाले. पलीकडे एक ताठ उभा मुलगा हातातलं पान आणि दीपाली यांच्याकडे आळीपाळीनं बघत होता. मग त्यानं पुस्तिका मिटली आणि तिच्याकडे चालू लागला.