डिकीत न मावणारी सायकल

विहीणबाईंचा फोन आला, आणि तोही गोड आवाजात, तेव्हाच मी ओळखलं की कुठंतरी पाणी मुरतंय.

"विहीणबाई, भिंगरीला सायकल घ्यायचीय. ती लहान मुलांची निघालीय ना, बिनपेडलची, तोल शिकायची. तुम्ही आलात तर बरं होईल. तुमची पसंती महत्त्वाची."

माझी पसंती! लग्नाच्या ग्रुप फोटोत ज्या बाईनं मला कडेला, कुंडीच्या मागं उभं केलं, तिला आज माझी पसंती आठवली. आजही त्या फोटोत मी कमी आणि झाड जास्त दिसतं. मी येते म्हटलं, फोन ठेवला आणि आमच्या ह्यांना सांगितलं, "ताकाला आल्यात आणि भांडं लपवतायत."

"लपवू देत," हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "पोरीला सायकल मिळतेय ना?"

ह्यांना आयुष्यात कशाचा म्हणून संशय येत नाही. ह्यांच्या वाटणीचाही मलाच घ्यावा लागतो.

मी शाळेत शिक्षिका होते. परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारण्यात जन्म गेला, आणि त्यातून एकच ज्ञान मिळालं. कॉपी करणारं पोरगं त्या दिवशी जरा जास्तच नम्र असतं. "बाई, पंखा लावू का? बाई, पाणी आणू का?" असं कुणी विचारलं, की मी आधी त्याची कंपासपेटी उघडायची. कधी चुकले नाही.

आणि संशयाला कारणही होतं. भिंगरी म्हणजे माझी नात. साडेतीन वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. आठवडाभर ती विहीणबाईंकडे असते, कारण आईबाप दोघंही कामावर जातात आणि विहीणबाईंचं घर त्यांच्या गल्लीतच आहे. रविवार तेवढा माझा. पण गेले काही रविवार कुणी फिरकलंच नव्हतं. एकदा सूनबाईचं डोकं दुखत होतं, एकदा मुलाला ऑफिसचं काम निघालं, एकदा पोरीला सर्दी झाली. सर्दी झालेली पोरगी फोनवर मात्र खणखणीत बोलत होती. सहा दिवस त्यांचे होतेच, आता माझा एक रविवारही जाणार की काय, असं वाटायला लागलं होतं. उघड सांगते, नुसता संशय नव्हता तो. भीती होती.

दुकानात पोचले तर विहीणबाई आधीच हजर. त्या शाळेचे युनिफॉर्म शिवतात, त्यामुळे मोजायची टेप गळ्यात कायम लोंबत असते. कुठंही गेल्या तरी ती काढायची शुद्ध नसते. भिंगरी टायरांच्या चळतीमागून धावत आली आणि माझ्या गुडघ्यांवर आदळली. मी तिला उचलून घेतलं. पोरगी जड झाली होती, म्हणजे इतके दिवस मध्ये गेले होते.

"सर्दी गेली का गं, राणी?"

"कुठली सर्दी?" भिंगरी म्हणाली.

मी विहीणबाईंकडे बघितलं. विहीणबाई टायरकडे बघत होत्या.

सायकलवाला चष्मा कपाळावर चढवून बसला होता. वय विचारलं नाही, उंची विचारली नाही. "पायाचं आतलं माप सांगा," म्हणाला. "बसल्यावर दोन्ही तळपाय सपाट टेकले पाहिजेत. पायानं ढकलत जायची ही. तोल आला की पुढं पेडलची सायकल आपोआप येते."

"म्हणजे अर्धी सायकल विकता होय?" मी म्हटलं.

"अर्ध्यातच सगळी मेख आहे, मावशी."

माप विहीणबाईंच्या जिभेवरच होतं. घरून मोजून आल्या होत्या. मग माझी पसंती कसली महत्त्वाची, तुम्हीच सांगा.

तरी मी माझी पसंती सांगितली. एक लाल सायकल होती. छोटी, हलकी, एका हातानं उचलेल अशी. भिंगरी तिच्यावर बसली आणि तिचे पाय छान टेकले.

"हीच," मी म्हटलं.

"गोड आहे हो," विहीणबाई म्हणाल्या. मग सायकलवाल्याकडे वळून हळूच विचारलं, "ही गाडीच्या डिकीत मावते का?"

"अहो, सहज! तीच तर खुबी आहे हिची. हँडल असं वळवलं की झाली सपाट. कुठंही न्या."

झालं. आता ही बाई हो म्हणणार आणि सायकल चालली त्यांच्या घरी, असं मी मनात म्हणतेय, तर विहीणबाईंनी तोंड कडू केलं. "मग नको. दुसरी दाखवा."

मी चक्रावले. डिकीत मावते म्हणून नको? भिंतीला एक हिरवी टेकवून ठेवली होती. लोखंडी, रुंद हँडलची, हवेच्या जाड टायरांची. विहीणबाईंनी ती उचलून बघितली. दोन्ही हात लावावे लागले, तरी चेहऱ्यावर समाधान!

"हिचं हँडल वळतं?"

"नाही. आणि छोट्या गाडीत मावायचीही नाही, आधीच सांगतो. मजबूत आहे, पण धूड आहे."

"आणि सीट? किती वर जाते?"

सायकलवाल्यानं सीट सैल करून दांडा वर खेचला. बराच वर आला. शेवटी दांड्यावर एक रेघ होती, तिच्यावर त्यानं अंगठा ठेवला. "इथपर्यंत. सहा-सात वर्षांची होईस्तोवर बसेल तुमची नात."

"छान," विहीणबाई म्हणाल्या.

"छान काय छान?" मला राहवलं नाही. "पोरगी केवढी, सायकल केवढी! वर्षभरात पेडलची घ्यावी लागेलच की. सहा-सात वर्षांची होईपर्यंत काय करायचंय हिला?"

"मोठी असलेली बरी. आणि विहीणबाई, सायकल तुमच्याकडेच ठेवा हं. तुमच्याकडे पुढं मोकळी जागा आहे."

माझ्याकडेच ठेवा! अति झालं आणि हसू आलं म्हणतात, पण मला हसूही येईना. ज्या बाईनं पोरीचा साधा टॉवेल माझ्या घरी राहू दिला नाही कधी, ती अख्खी सायकल सोडतेय? अति नम्र पोरगं मला लांबून ओळखू येतं. आता फक्त कंपासपेटी कुठं आहे ते शोधायचं होतं.

आणि ती भिंगरीनंच उघडली. लाल सायकलीवरून ती दुकानभर ठुमकत होती. माझ्यापाशी येऊन थांबली आणि म्हणाली, "आज्जी, आईनं माझी सगळी खेळणी खोक्यात भरली. आईचे कपडे पण भरले. बाबाचं काहीच नाही भरलं."

सायकलवाला पाना शोधायला आत गेला होता. मी विहीणबाईंचा दंड धरला आणि त्यांना हेल्मेटच्या मांडणीमागं ओढलं.

"विहीणबाई, पुरे झाली साखरपेरणी. सरळ सांगा, माझ्या नातीला कुठं नेताय?"

विहीणबाईंनी गळ्यातली टेप काढली. बोटांना गुंडाळायला लागल्या.

"तुमच्या मुलानं सांगितलं नाही?"

"काय सांगितलं नाही?"

"दोघं वेगळे होतायत, विहीणबाई. मी वाट बघत होते, तो तुम्हाला आज सांगेल, उद्या सांगेल. त्याला धीर होत नाहीये. लेक माझी पोरीला घेऊन माझ्याकडे राहायला येतेय."

तिथं एक स्टूल होतं, मुलांना बसवून हेल्मेट घालायचं. त्याच्यावर मी बसले. माझ्या पोटच्या पोरानं मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. डोकं दुखतंय, काम आहे, सर्दी आहे, आणि मी त्या सर्दीवर काढा कसा करायचा ते फोनवर सांगत बसले होते. लाज वाटली, राग आला, आणि तो राग समोर होत्या त्यांच्यावरच काढला.

"तुम्हाला बरंच झालं म्हणा! आता सातही दिवस तुमचे."

"बरं झालं?" विहीणबाईंचा आवाज चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तो चढलेला ऐकला. "पोरीचा संसार मोडतोय माझ्या, आणि बरं झालं? तसं असतं तर तुम्हाला बोलावलं असतं का मी इथं?"

 

त्यांनी हेल्मेटांच्या पलीकडं भिंगरीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "लेक रागात आहे. तुमच्या घराचं नाव काढलं तरी अंगावर येते. म्हणते, तिकडं आहे काय पोरीचं? आता काय सांगू तिला? आजी आहे म्हणून सांगू? आजी इकडंही आहे. मुलं आजीसाठी येत नाहीत हो, विहीणबाई. मुलं खेळायला येतात. आपण बापड्या त्यांच्या खेळण्याशेजारी बसलेल्या असतो."

"म्हणून सायकल?"

"म्हणून सायकल. ती तुमच्याकडं राहील. माझ्या दारात मी एक चाक येऊ देणार नाही. पोरगी सायकल, सायकल करून घर डोक्यावर घेईल, मग लेकीला आणावंच लागेल तिला तुमच्याकडं."

"आणि डिकी..."

"डिकीत मावली तर दुसऱ्याच दिवशी उचलून आणेल. माझीच मुलगी आहे, मी ओळखते. आणि सीट वर जायला हवी. ही लवकर लहान पडली, तर पुढची कुणाच्या घरी राहील, ह्याचा काय भरवसा?"

मला रडू आलं. हेल्मेटांच्या आड रडून घेतलं. विहीणबाईंनी पदरही दिला नाही आणि पाठीवर हातही ठेवला नाही. टेपचं टोक धरून नुसत्या उभ्या राहिल्या. ते बरंच केलं त्यांनी.

सायकलवाला पाना घेऊन आला. "मग लाल ना, मावशी?"

"लाल नको," मी म्हटलं. "ती हिरवी द्या."

"अहो, मघाशी तुम्हीच..."

"मघाशी मी काहीतरीच बोलत होते. ह्याच्याहून जड आहे का एखादी?"

नव्हती. मग हिरवीची सीट पार खाली बसवली, भिंगरीचे तळपाय जेमतेम सपाट टेकले, आणि आम्ही दोघींनी ती धरून माझ्या घरी आणली.

मुलाला त्या संध्याकाळी मी काय काय बोलले ते सांगत नाही. शेवटी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, एवढं सांगते. संसार का मोडला ते त्यानं सांगितलं नाही, आणि मीही जन्मात पहिल्यांदाच खोदून विचारलं नाही.

पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. सायकल पुढच्या मोकळ्या जागेत उभी. मी दिवसभर तिच्यावरची धूळ पुसली. हे म्हणाले, "अगं, रंग जाईल." मनात म्हटलं, विहीणबाईंनी शब्द फिरवला. जित्याची खोड, संशय तो.

त्याच्या पुढच्या रविवारी फाटकाशी गाडी थांबली. सूनबाई चालवत होती, शेजारी विहीणबाई. मुलगा त्या दिवशी आमच्याकडं नव्हता. ते ठरवूनच होतं. भिंगरी उतरली ती तीरासारखी सायकलीकडं. मी हात पसरून उभी होते, माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

सूनबाई आत आली नाही. फाटकाशी हाताची घडी घालून उभी राहिली. वाळली होती बिचारी. कोणी कितीही चुकलं असो, मला वाईट वाटलं. भिंगरी पाय ढकलत फेऱ्यांवर फेऱ्या मारत होती, आणि मध्येच दोन्ही पाय क्षणभर वर उचलून बघत होती.

निघायची वेळ झाली आणि व्हायचं तेच झालं. भिंगरीनं भोकाड पसरलं. सायकल पाहिजे, आत्ता पाहिजे, घरी पाहिजे.

"घेऊन जाऊ या," सूनबाई म्हणाली. तिनं डिकी उघडली, सायकल उचलायला गेली आणि वाकलीच. मग मी एक बाजू धरली, अगदी तत्परतेनं. आडवी करून बघितली, उभी करून बघितली. हँडल बाहेरच. सूनबाईनं दोनदा डिकी आपटली. ती मिटली नाही.

"एवढं धूड निवडलं कुणी?"

"आम्ही दोघींनी," मी म्हटलं.

"तुम्ही दोघींनी? मिळून?"

"विहीणबाईंची पसंती महत्त्वाची होती," विहीणबाई म्हणाल्या आणि गाडीच्या टायरकडं बघायला लागल्या.

"ऊन लागतंय का गं तुला?" मी सूनबाईला म्हटलं. "पाणी आणू का? आत पंखा लावू का?"

बोलून गेले आणि माझं मलाच कळलं. सूनबाईनं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं, मग पुन्हा माझ्याकडं. परीक्षेच्या वर्गात मी जशी बघायची, अगदी तशी. सायकल काढून तिनं पुन्हा भिंतीला टेकवली.

"मग मी उद्या येणार!" भिंगरी हुंदके देत ओरडली.

"उद्या नाही."

"मग परवा!"

सूनबाईनं डोळे मिटले. सगळ्यांचं सगळं ऐकून थकलेलं माणूस मिटतं तसे. "रविवारी," ती म्हणाली. "रविवारी येऊ."

भिंगरीनं नाक पुसलं आणि बोट नाचवत मला बजावलं, "आज्जी, रविवारपर्यंत माझ्या सायकलला कुणी हात लावायचा नाही."

"नाही लावत, बाई," मी म्हटलं.