काचेतला हात

रिपोर्ट सकाळीच आला होता. ताईनं तो तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा त्यात तेच होतं. काचेच्या कपाटात वर्षभर जो हात वाढत होता, तो आईचा नव्हता.

आता हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल, काय वेड्यांचा बाजार आहे. ताई प्रयोगशाळेत पेशी वाढवायची, बावीस वर्षं तेच काम. तिचा धाकटा भाऊ कलाकार. आई शेवटच्या दुखण्यात पडली, तेव्हा या पठ्ठ्याच्या डोक्यात आलं, की तिच्या दंडावरची मसुरीच्या दाण्याएवढी कातडी घ्यायची, त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि त्यांचा हात करायचा. जाळीचा पंजा, त्यावर जिवंत पेशींचा पातळ थर, अंगाइतक्या उबेत ठेवलेला. आईची संमतीच्या कागदावर सही झाली आणि आठ दिवसांनी आई गेली. त्या पेशींना वर्षभर खाऊपिऊ घातलं ते ताईनं.

आज प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. पाच वाजता कपाट उघडायचं आणि येईल त्यानं उघड्या बोटांनी त्या हाताला स्पर्श करायचा. आपल्या बोटांवरच्या जंतूंनी असल्या पेशी दोन दिवसांत मरतात. धाकट्याच्या भाषेत याला निरोप म्हणायचं. पहिला स्पर्श बाबांचा.

बाबा शेवटच्या क्षणी आईजवळ नव्हते. “घरी जा, दोन घास खाऊन या,” असं म्हणून ताईनंच त्यांना पाठवलं होतं. ते परत येईपर्यंत सगळं आटोपलं. त्यावर ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत आणि ताईला तेच जास्त लागायचं.

हात परका निघाला, ती चूकही तिचीच. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नवख्याला ती पहिल्याच दिवशी दरडावायची, एका बाटलीतलं खाद्य दोन फ्लास्कना घालायचं नाही. एका फ्लास्कातली एखादी पेशी बाटलीत गेली की तिथून दुसऱ्यात शिरते, आणि दांडगी असली तर मूळच्यांना हुसकून लावते. आई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ताई सुजलेल्या डोळ्यांनी कामावर आली आणि तिनं दोन फ्लास्कना एकच बाटली वापरली. शेजारच्या फ्लास्कात फार वर्षांपूर्वी वारलेल्या कुणा बाईच्या कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी होत्या. दोनच महिन्यांत आईचा फ्लास्क झपाट्यानं भरायला लागला. आई जन्मात कधी घाई न करणारी बाई, तिच्या पेशींना कसली आलीय घाई? पण ताईला वाटलं, आई नेटानं जगतेय. एरवी शहाणी असलेली माणसंच अशी माती खातात.

हात आईचाच आहे असा दाखला प्रदर्शनानंतर निघणाऱ्या पुस्तिकेत छापायला हवा, असं प्रदर्शनवाले म्हणाले, म्हणून तिनं आपण होऊन तपासणी करून घेतली. हात दाखवून अवलक्षण.

चार वाजता तिनं धाकट्याला जिन्यात गाठलं. त्यानं रिपोर्ट वाचला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“कुणाकुणाला सांगितलंस?”

“तुलाच.”

“मग सहाला प्रदर्शन संपेपर्यंत गप्प बस. उद्या बघू.”

“कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का रे?”

“ताई, बाबा वर्षभर या दिवसाकडे डोळे लावून बसलेत.” त्यानं कागदाची घडी करून तिच्या हातात कोंबली. “निरोप घ्यायची वेळ त्यांच्याकडून तू एकदा काढून घेतलीस. आता परत घेणार आहेस?”

हे मात्र वर्मी लागलं. ती तिथंच पायरीवर बसली. सांगितलं तर बाबांचा निरोप दुसऱ्यांदा जाणार, तोही तिच्याच हातून. नाही सांगितलं तर तो म्हातारा माणूस कुणा परक्या बाईच्या गाठीवरून हात फिरवून रडणार, आणि ती शेजारी उभी राहून बघणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पावणेपाचला बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. आल्या आल्या म्हणाले, “हात धुवायचेत.” ताई त्यांना मागच्या खोलीतल्या बेसिनपाशी घेऊन गेली. त्यांनी साबण लावला, हात धुतले, परत लावला.

“नखं कापून आलोय,” ते म्हणाले. “तिला ओरखडा जायला नको.”

आता नाही बोलले तर जन्मात बोलणार नाही, हे ताईला कळलं.

“बाबा, ती आई नाहीये.”

मग तिनं सगळं सांगितलं. बाटली, शेजारचा फ्लास्क, रिपोर्ट. रडत नाही, थांबत नाही, नुसती सांगत सुटली. नळ चालूच होता.

“म्हणजे तिचं तिथं काहीच नाही?”

“काही नाही. वर्षापूर्वीच सगळं गेलं. माझ्यामुळे.”

बाबांनी नळ बंद केला आणि स्टुलावर बसले. ताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला धजेना. मग तिला त्यांचा श्वास ऐकू आला, लांबून ओझं आणून खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा.

“सुटली,” ते म्हणाले.

“बाबा?”

“ती सही तिची नाही गं. तुम्ही दोघं डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेला होतात. तिला पेन धरवत नव्हतं, म्हणून मी तिचा हात धरला आणि गिरवली. ती मान हलवत होती. तुम्हाला सांगितलं, हो म्हणाली.” ते ओल्या तळव्यांकडे बघत राहिले. “ती नको म्हणत होती. पोराचं मन मोडवेना मला. वर्षभर डोळ्याला डोळा नाही. निरोप कसला घेतोय, माफी मागायला आलो होतो.”

ताईनं भिंतीला टेकून डोळे पुसले.

“आम्ही तिला धरून ठेवलं,” बाबा म्हणाले. “चुकून का होईना, तू तिला सोडलंस.” मग त्यांनी विचारलं, “मग ही कोण?”

“नाव नाही. नंबर आहे.”

“तिला विचारलं होतं?”

“नाही. तेव्हा विचारत नसत.”

बाबा उठले. हात कोरडे केले, अगदी बोटांच्या बेचक्यांपर्यंत.

दालनात साठेक माणसं गोल करून उभी होती. धाकट्यानं ताईकडे एकदा बघितलं, काय समजायचं ते समजला, आणि तरीही त्यानं कपाटाचं दार उघडलं. “बाबा, या,” तो म्हणाला.

बाबा पुढे झाले. हात पाठीमागे बांधलेले. आतल्या त्या फिकट, ओलसर पंजाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं.

“ही माझी बायको नाही,” ते म्हणाले. मोठ्यानं नाही, पण शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. “कुणाची तरी असेल. तिला कुणी विचारलेलं नाही. दार लाव.”

धाकट्याचा हात दाराच्या मुठीवर तसाच राहिला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. ताई वाट काढत पुढे आली, भावाची बोटं एकेक करून सोडवली आणि दार लावलं. मग कपाटाला पाठ टेकून ती लोकांकडे वळली.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “पहिल्यापासून सांगते.”