गराश्याच्या पाठीवरची गोणी

"साहेब, तुमच्या कादंबरीत लढाईच नाही हो!" पुण्याचे प्रकाशक फोनवर म्हणाले. "नायकाच्या हाती तलवार द्या, महिन्याभरात पुस्तक काढतो. नाहीतर अवघड आहे."

"तो लमाण आहे. फौजेला धान्य पोचवतो. लढायला बाकीचे आहेत की," असं म्हणून कर्नल लखीराम आडे यांनी फोन ठेवला.

दिग्रसजवळच्या त्यांच्या तांड्यातून सैन्यात अधिकारी झालेले ते पहिलेच. पण सगळी नोकरी रसद पोचवण्यात गेली. बर्फ असो की वाळवंट, जवानाच्या ताटात पोळी पडली ती यांच्या जिवावर. तरी तांड्यातले टवाळ त्यांना 'पीठवाले कर्नल' म्हणत, आणि त्यात उत्तमसिंग सगळ्यांत पुढे. तो राग गिळून कर्नलांनी निवृत्तीनंतर सात वर्षं खपून बैलांवर धान्य वाहणाऱ्या आपल्या पूर्वजांवर कादंबरी लिहिली. आता तिच्यातही तलवार घुसवायची? मेलो तरी नाही!

त्याच संध्याकाळी त्यांनी नव्वदीच्या आईला, जमनीला, पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. तीनशे बैल, प्रत्येकाच्या पाठीवर गोणी, आणि सगळ्यांच्या पुढे घुंगुरमाळा घातलेला गराशा.

"थांब," म्हातारी कडाडली. "गराश्यावर गोणी टाकली तू?"

"याडी, तीनशे बैल, तीनशे गोण्या. हिशेब बसला पाह्यजे ना."

"चुलीत घाल तुहा हिशेब! देवाचा बैल हाय तो. सगळ्याइच्या पुढं चालते, पन त्याच्या पाठीवर कोनी काडी ठेवत नाही. फौजेत जाऊन इतकंबी विसरला?"

कर्नलांचे कान तापले. आयुष्यभर भल्याभल्या साहेबांना त्यांच्या कामात चूक सापडली नव्हती. बरं, गोणी उतरवली तर ठेवायची कुठे? वाटेत टाकून जाणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

सकाळी त्यांनी प्रकाशकांना लिहिलं, 'लढाई घालणार नाही. बदल एकच केला आहे. गराश्याची गोणी उतरवली. ती आता नायक स्वतःच्या डोक्यावर घेऊन चालतो.' सोबत नवं पान जोडलं.

पंधरा दिवसांनी कादंबरीचं बाड परत आलं. कर्नलांना वाईट वाटलं, फार वाटलं. पण त्यांनी पार्सल फोडलंसुद्धा नाही. यवतमाळच्या एका छापखान्यात स्वतःच छापून घ्यायचं ठरवून ते तसंच उचललं आणि एसटीसाठी फाट्याकडे निघाले.

वाटेत उत्तमसिंगानं मोटारसायकल थांबवली. "कर्नलसाहेब, पीठ घेऊन चालले काय? द्या इकडं, सोडून देतो फाट्यावर."

"राहू दे. माहं मी नेतो."

कर्नलांनी बाड डोक्यावर ठेवलं आणि मान ताठ करून ते चालू लागले.