भोंगा लवकर थांबला

यादोराव गेले, तरी घरातल्या काही गोष्टी जशा होत्या तशाच चालू राहिल्या. राईस मिलचा भोंगा ही त्यांतलीच एक. आमगावच्या रेल्वे फाटकापलीकडे मिल आणि अलीकडे त्यांचं घर. संध्याकाळी, उकड्या तांदळासाठी भिजवलेल्या धानाच्या टाक्यांत वाफ सोडण्याआधी भोंगा वाजायचा. तो सुरू झाला की दुर्गाबाई तांदूळ धुवायला घ्यायच्या आणि थांबला की कुकर लावायच्या. घड्याळाकडे बघायची त्यांना कधी गरज पडली नाही.

भोंगा यादोरावांचाच होता म्हणायचा. आयटीआय शिकलेला इलेक्ट्रिशियन म्हणून ते मिलमध्ये लागले, आणि पुढे वाफेचं सगळं पॅनल त्यांनीच उभं केलं. आतला प्रोग्रामही त्यांनीच लिहिला, पुस्तकं आणून, चुकत चुकत. इतर लोक अशा प्रोग्रामात प्रत्येक बटणाला, प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर देतात. यादोरावांनी माणसांची नावं दिली. भोंग्याचं नाव DURGA.

"सुरू झाली का थांबतच नाई," एकदा जेवताना त्यांनी सांगितलं होतं.

"मंग घरी कायले येता?" दुर्गाबाई म्हणाल्या होत्या. "तिथंच ऐकत बसा तिले."

त्या वेळी रंजिता कॉलेजात होती. तिला ठसका लागेपर्यंत हसू आलं होतं. ती कॉम्प्युटर शिकली ती वडिलांचं बघूनच. पण वडिलांनी एका माणसाच्या हातासाठी लिहिला तसा प्रोग्राम तिला पुढच्या सगळ्या नोकरीत एकदाही लिहायला मिळाला नाही.

तो हात मिलमधल्या खुशालचा. टाक्यांना खालून तोंड असतं. धान अडकलं की माणूस खाली वाकून, सळई घालून ते मोकळं करतो. एका संध्याकाळी खुशाल असाच टाकीखाली असताना पलीकडून कुणीतरी वाफ सोडली. कोपरापासून खाली त्याची कातडी अजूनही उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी चकाकते. त्यानंतर यादोरावांनी टाक्यांच्या रांगेच्या अगदी टोकाला एक बटण बसवलं. ते दाबल्याशिवाय भोंगा थांबायचा नाही आणि वाफही यायची नाही. बटणापर्यंत जायचं तर सगळ्या टाक्यांच्या तोंडांसमोरून चालत जावं लागे. जो चालत जाईल त्याला खाली कोणी आहे का ते दिसणारच. बटणाचं नाव KHUSHAL.

थोड्याच दिवसांत लोकांनी बटणात बांबूची कमची खुपसून ठेवली. बटण कायमचं दाबलेलं, म्हणजे चालायला नको. यादोराव रागावले नाहीत. घरी येऊन लिहीत बसले. बटण आधी मोकळं दिसलं पाहिजे आणि मग दाबलं गेलं पाहिजे, तरच वाफ. दुसऱ्या दिवशी कमची तशीच होती, म्हणून भोंगा थांबेचना. अर्धं आमगाव रस्त्यावर आलं. शेवटी कुणीतरी जाऊन कमची उपटली, आणि पुन्हा कुणी घातली नाही.

हे सगळं रंजिताला माहीत होतं. प्रोग्रामात मात्र यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. आपल्या प्रोग्रामात खुलासे लिहायची यादोरावांना सवय नव्हती. "मी हाओ ना सांगाले," म्हणायचे.

जलदानविधी झाला, पाहुणे गेले, आणि त्याच आठवड्यात टिंकूशेठ आला. मिल आता तोच बघतो. वयानं रंजितापेक्षा लहान. यादोरावांच्या फोटोला हात जोडून तो खुर्चीच्या टोकाशी बसला.

"दीदी, टाइम गलत आहे, मालूम आहे मला. पण काकांच्या पॅनलचं कार्ड जळलं. नवीन कार्ड आणलं, तर त्याला जुना प्रोग्राम समजतच नाही. धान येऊन पडून राहिलं. काकांचं काम आहे, दुसऱ्याच्या हातात कसं देऊ?"

रंजितानं हो म्हटलं. नाही म्हणायचं कारणच नव्हतं. ती गेली दोन-तीन वर्षं घरूनच काम करत होती, नागपूरच्या एका कंपनीसाठी. तिथलं कामही आता बदललं होतं. कोड लिहायचं टूल आलं होतं. सांगितलं की ते लिहून द्यायचं, आणि रंजितानं तपासून मंजूर करायचं. सुरुवातीला ती ओळ न् ओळ वाचायची. मग तिचा वरिष्ठ हिमांशू एका मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "रंजिता, तू काय पेपर तपासतेयस का? टीम थांबलीय तुझ्यासाठी."

"चुकलं तर विचारायचं कोणाला, ते सांग," ती म्हणाली होती. "तू लिहिलं असतंस तर तुला विचारलं असतं."

"टेस्ट पास झाल्या ना? मग चुकेल कसं?"

याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण मीटिंग संपली होती. पुढे पुढे तीही वरवर बघून मंजूर करायला शिकली. पहिले काही दिवस झोप लागत नसे, नंतर लागू लागली. कधीतरी ती वडिलांना म्हणाली होती, "बाबा, मी आता लिहितच नाही. अंगठा उठवते फक्त."

"अंगठा कोनाचा हाय ते ध्यानात ठेवजो," एवढंच ते म्हणाले होते.

टिंकू गेल्यावर तिनं वडिलांचा प्रोग्राम उघडला. पहिल्याच पडद्यावर DURGA होती. आत स्वयंपाकघरात आई भांडी लावत होती. रंजितानं ते नाव एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खाली जाणं तिला जमेना. तिनं सगळा मजकूर उचलला आणि टूलमध्ये टाकला. नवीन कार्डासाठी लिहून दे, म्हणाली. आईनं चहा आणेपर्यंत उत्तर आलं होतं. नीटनेटकं, स्वच्छ, प्रत्येक ओळीपुढे खुलासा. नावं जाऊन नंबर आले होते. शेवटी टूलनं काय काय सुधारलं त्याची माहिती होती. त्यात एक वाक्य होतं, की एकच बटण दोनदा तपासलं जात होतं, ती अनावश्यक प्रतीक्षा काढून टाकली आहे.

ते वाक्य तिनं वाचलं होतं. हे नंतर तिला स्वतःशी नाकारता आलं नाही. ऑफिसात रोज अशी वाक्यं वाचायची तसंच तिनं ते वाचलं, आणि चहा प्यायली. टूलनं स्वतःच लिहिलेल्या सगळ्या टेस्ट पास झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये जाऊन तिनं प्रोग्राम चढवला. टिंकूनं पेढे आणले.

आठवडाभरानं दुर्गाबाई तांदळात हात घालून मध्येच थांबल्या.

"भोंगा लवकर थांबते आता."

"नवीन कार्ड आहे, आई."

"माये तांदूळ धुवून नाई होत तं थांबते. कार्डाले का पाय फुटले? खुशाल धावत जाते का आता?"

रंजिता उठली. लॅपटॉप उघडून तिनं या वेळी पहिल्या ओळीपासून वाचलं. बटण दाबलेलं असलं की भोंगा थांबेल आणि वाफ सुटेल. आधी मोकळं असायला हवं, ही अट कुठेच नव्हती. ती तशीच चप्पल घालून फाटकाकडे निघाली.

टाक्यांच्या टोकाशी बटण होतं, आणि बटणात कमची होती. नवी, हिरवट, नुकतीच तासलेली.

खुशाल पोत्यावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. तिला बघून त्यानं बाजूचं पोतं झटकलं.

"ये रंजू. बस."

"काका, ही कमची कोणी लावली?"

"मीच लावलो."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तुम्ही?"

"नवं कार्ड आलं, तं म्हनलं, आता चालते का कमची. लावून पाहिली. चालली." खुशाल हसला. "लय चालवलं बाई तुया बापानं मले. गुडघे गेले माये. रोज तिथवर जा, दाब, वापस ये. नवा प्रोग्राम बेस हाय. तूच केली म्हनते ना?"

"काका, तुमचा हात..."

"माया हात जळला तं मले ध्यानात राहते. मी नाई जात आता टाकीखाली. नवीन पोट्टे जातेत."

ती त्याच्या चकाकत्या हाताकडे बघत राहिली. खर्रा तोंडात टाकून खुशालनं दुसरीकडे बघितलं. मग जरा नरमाईनं म्हणाला, "आवाज देतो ना आमी. हो म्हनलं का मंगच सोडतो."

"त्या दिवशीही आवाज दिला होता ना?"

"देला होता," खुशाल म्हणाला. "बॉयलरच्या आवाजात ऐकू नाई आला."

टिंकू ऑफिसात होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये तिच्यासाठी चहाही मागवला.

"दीदी, मी समजून राहिलो. पण रोज एक खेप जास्त निघून राहिली. पहले सगळे तिथं उभे राहायचे, कोण जाईल म्हणून. आता सब खुश आहेत. खुशाल काका खुश आहेत, त्यांना विचारा."

"विचारलं."

"मग?"

"मग काही नाही. प्रोग्राम चुकीचा आहे. मी बदलून देते."

"चुकीचा कसा? मशीननं केला, तुम्ही चेक केला. मशीन चुकते का?"

"मशीन चुकली नाही. तिला माहीत नव्हतं."

"आणि तुम्हाला?" टिंकूनं विचारलं. टोमणा मारायचा त्याचा हेतू नसावा. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुम्हाला तर माहीत होतं ना, दीदी?"

चहावर साय धरली होती. तिनं ती बोटानं बाजूला केली.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तिनं टूल उघडलं नाही. जुना प्रोग्राम समोर ठेवून नवीन कार्डासाठी एकेक ओळ हातानं लिहिली. DURGA तसंच ठेवलं. KHUSHAL तसंच ठेवलं. त्या अटीच्या वर, वडिलांनी जे कधी लिहिलं नव्हतं ते लिहिलं: टाकीखाली माणूस असू शकतो, ही अट काढू नये. हिमांशूचे निरोप येत होते, तिच्या मंजुरीसाठी कामं अडली होती. तिनं दिवसभर उत्तर दिलं नाही. कितीतरी दिवसांनी तिला आपण काम करतोय असं वाटलं, आणि दुपारी वडिलांच्या खुर्चीत बसून ती थोडा वेळ रडलीही. दुर्गाबाईंनी बघितलं, पण त्या आत आल्या नाहीत.

प्रोग्राम चढवायला ती गेली तेव्हा टिंकूनं अडवलं नाही. तिनं स्वतः कमची काढली आणि मोडून भट्टीत टाकली. त्या संध्याकाळी भोंगा बराच वेळ वाजत राहिला. दुर्गाबाईंचे तांदूळ धुऊन झाले, वर त्यांनी मिरच्याही मोडल्या.

"आता कसा वाजला," त्या म्हणाल्या.

असं काही संध्याकाळी चाललं. मग एके दिवशी भोंगा सुरू झाला आणि दुर्गाबाई तांदळात पाणी ओततच होत्या तेवढ्यात थांबला.

रंजितानं टिंकूला फोन लावला.

"हां दीदी, मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "काय झालं, तुमचा प्रोग्राम मीच त्या टूलमध्ये टाकला. मोबाइलवर फ्री आहे ना ते. म्हटलं, वेटिंग कमी करून दे. आधी म्हणे इथे धोका आहे असं लिहिलंय, विचार करा. मी म्हटलं, आम्ही बघून घेऊ. मग दिलं त्यानं. पॅनलवाल्या पोरानं चढवला. तुमचा टाइम परत कशाला खायचा?"

"टिंकू, त्यात माणूस मरेल."

"नाही मरत दीदी, लक्ष ठेवतो आम्ही. काकांनी पण टेन्शन लय घेतलं. बीपी त्याच्यानंच वाढलं त्यांचं." जरा थांबून तो म्हणाला, "तुमचं नाव नाही येणार कुठं. माझी जिम्मेदारी."

तिनं फोन ठेवला. सरकारी कार्यालयात तक्रार द्यायचं तिनं मनात जुळवून पाहिलं. कोणी बनवला पहिला प्रोग्राम, हा पहिला प्रश्न येणार होता. तरी देईन, असं तिनं ठरवलं. आणि तक्रारीवर कोणी येईल तेव्हा कमची निघेल, तो गेला की परत लागेल, हेही तिला ठाऊक होतं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात हिमांशूचा निरोप चमकत होता. मंजुरीचं बटण हिरवं, तयार. टोकापर्यंत चालत जायला लागत नाही असं बटण.

"का म्हनते तो?" दुर्गाबाईंनी विचारलं.

रंजितानं सांगितलं. सगळं सांगितलं, तो चहा, ते वाक्य, सगळं. दुर्गाबाई ऐकत राहिल्या. ओले हात पदराला पुसून त्यांनी ओट्यावरचा फोन घेतला, डोळ्यांजवळ धरून नंबर शोधला आणि लावला.

घंटी वाजत राहिली. बराच वेळ वाजली. रंजिता दारात उभी राहून ऐकत होती. आईच्या हाताला तांदळाचा एक दाणा चिकटला होता.

"हॅलो," शेवटी खुशालचा आवाज आला. मागे बॉयलर धडधडत होता. "कोन? वहिनी? का झालं?"

"खुशाल, टाकीखाली कोन हाय?"

"कोनी नाई. वाफ सुटली ना आता."

"सुटाच्या पह्यले पाहिलं का?"

"पाहिलं ना," खुशाल घाईनं म्हणाला.

"खोटं नोको बोलू मायाशी."

"वहिनी, काम करू द्या ना. सगळे हासून राहिले इथं."

"हासू दे. मी उद्या भोंगा वाजला का फोन करीन. परवाबी करीन. तू त्याच्या पह्यलेच जाऊन पाहाचं आन मले सांगाचं."

"रोज?"

"रोज."

खुशालनं पुटपुटत फोन ठेवला. उद्या तो उचलेल की नाही, ते दोघींनाही सांगता आलं नसतं. दुर्गाबाईंनी फोन भिंतीला टेकवून उभा ठेवला, भोंगा वाजला की लगेच हाताशी येईल असा, आणि कुकर लावला.