कुत्रा मना शे

चेतावणी: हा खेळ फक्त प्रौढांसाठी आहे.

'शे' म्हणायचं नाही, 'आहे' म्हणायचं. 'बठ्ठा' म्हणायचं नाही, 'सगळं' म्हणायचं. शिंक आली तर तीही शुद्ध.

एक्स-रे काढताना हेमांगी म्हणते, "श्वास रोखा." लोक रोखतात. "सोडा" म्हणायला ती कधीकधी मुद्दाम उशीर करते.

ठिबकची नळी फुटली तर तेवढा तुकडा कापतात आणि मध्ये जोडणी घालतात.

फ्रिज कोणाचा?

आवाज सुरू करण्यासाठी परवानगी द्या.

आता जोडणी.

नवल धुळ्याचा. त्याचं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. हेमांगी जळगावची, एका दवाखान्यात एक्स-रे काढते. मध्यस्थ रुपचंदकाकांनी दोघांचे फोटो इकडचे तिकडे केले. तिचा फोटो पाहिल्या दिवशी नवलनं एका गिऱ्हाइकाला अर्ध्या इंचीच्या जागी दोन इंची पाइप दिला, यावरून काय ते समजा. तिनं अट घातली: पोहे नकोत, कार्यक्रम नको. रविवारी दुपारी फोनवर दोघांनी मिळून एक खेळ खेळायचा. हो की नाही, संध्याकाळी कळवीन. तिच्या आधीच्या स्थळानं याच खेळाच्या दुसऱ्या खोलीत "आईला विचारून सांगतो" म्हटलं होतं. त्याला तिथूनच रामराम.

'प्रौढांसाठी' हा शब्द वाचून नवलच्या वडिलांना, झुलालनानांना, साक्षरता वर्ग आठवला. "मी तं सातवी शिकेल शे," असं बजावून ते खाटेवर आडवे झाले. रत्नावहिनी मात्र दारात उभी राहिली. शुद्ध बोलण्याचे सगळे नियम तिचेच होते. "जळगाववाल्या शेतस त्या, भाऊ," ती म्हणाली. "गावंढ्यासारखं बोलशात तं सोयरीक गई समजा."

खेळ असा. एक नवराबायको वेगळे होतात. मारामारी नाही, राक्षस नाही, फक्त फ्लॅट रिकामा करायचा. प्रत्येक खोलीतलं सामान तीन खोक्यांत लावायचं: पत्नी, पती, मना. मना म्हणजे मनाई, दोघांपैकी कुणीच न्यायचं नाही. खेळ हिंदीत होता आणि भाषांतर करणारा घाईत होता. गोम अशी की नवलला वस्तूंच्या आठवणी दिसतात, पण वस्तूला हात लावता येत नाही. हेमांगीला वस्तू हलवता येतात, पण आठवणी दिसत नाहीत. म्हणून बोलायचं. बोलल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. लग्नालाही हाच नियम आहे म्हणतात, पण तिथं दार उघडंच असतं आणि तरी कुणी बाहेर पडत नाही.

"फ्रिज कोणाचा?" हेमांगीनं विचारलं.

मनात: त्यावर नवराना मायना फोटो चिकटाडेल शे, त्यानाच फ्रिज.

तोंडात: "आपल्याला योग्य वाटेल तसं करावं."

फ्रिज पत्नीच्या खोक्यात. चुकलं. दिवे गेले. खोली पुन्हा पहिल्यापासून.

"सोफा?"

मनात: सोफावर तो एखलाच झोपस.

तोंडात: "आपली इच्छा शिरसावंद्य."

सोफा पत्नीच्या खोक्यात. दिवे गेले, आणि खेळातली बायको अशी हंबरडा फोडून रडली, "तुम कभी कुछ माँगते ही नहीं!", की नाना खाटेवर उठून बसले.

"कोन रडी ऱ्हायनं रे?"

"गेममधली बाई शे, नाना," नवल फोनवर हात ठेवून कुजबुजला.

"तिना नवरा कोठे गया?"

"तो मीच शे."

नानांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लगीन व्हवाना आधीच?" असं म्हणून पुन्हा आडवे झाले.

नवलनं हळूहळू फ्रिज मागितला, सोफा मागितला, पण प्रत्येक वेळी वर "आपली हरकत नसल्यास" जोडून. दारं उघडत गेली. हेमांगीचे प्रश्न मात्र तुटक होत गेले.

"नवल," शेवटी ती म्हणाली, "तुम्ही ग्रामपंचायतीची नोटीस आहात का? मी इतका वेळ माणसाशी बोलतेय की फलकाशी, कळत नाहीये. ही शेवटची खोली. इथंही असंच बोललात तर संध्याकाळपर्यंत थांबायला नको, आत्ताच नाही म्हणते."

नवलनं दाराकडे पाहिलं. वहिनी दारातून ओठांनी "आहे, आहे" करत होती.

शेवटच्या खोलीत सामान नव्हतं. एक कुत्रा होता. नवलला आठवण दिसली: पावसाळी रस्ता, स्कूटर, आणि नवऱ्यानं हेल्मेटमध्ये बसवून घरी आणलेलं एवढंसं पिल्लू. बायकोला मांजर हवी होती.

"कुत्रा कोणाचा?"

"मना," नवल म्हणाला.

ते मनातलं होतं, तोंडातून सांडलं. खान्देशात मना म्हणजे माझा. हेमांगीनं कुत्रा उचलला आणि 'मना' लिहिलेल्या खोक्यात टाकला. नगरपालिकेची गाडी आली. कुत्रा मागं वळून बघत गेला. दिवे गेले. खोली पुन्हा पहिल्यापासून.

"अहो, तसं नव्हे!"

"तुम्हीच म्हणालात ना, मना?"

"म्हणजे, सदर प्राणी..."

"सदर प्राणी कोणाचा?"

"मना!"

गाडी आली. कुत्रा गेला.

"परत सांगा. नीट. कोणाचा?"

"मना! मना शे तो!"

गाडी आली. या खेपेला कुत्र्यानं गाडीच्या जाळीला नाक लावलं, आणि नवलचा बांध फुटला.

"अवं, तुना डोया फुटनात का? मी कवयपासून सांगी ऱ्हायनू, मना म्हंजे मना! तुना नही, मनाईना नही, मना! हेल्मेटमा बसाडीसन मी आनेल शे त्याले! फ्रिज ली जाय, सोफा ली जाय, बठ्ठं घर ली जाय, पन कुत्राले हात लावशी तं याद राख!"

वहिनीनं कपाळावर हात मारला. नाना उठून बसले. "कोनता कुत्रा?" त्यांनी विचारलं.

नवलला वाटलं, संपलं. पण पडद्यावर कुत्रा हलला, हवेत तरंगला आणि अलगद पतीच्या खोक्यात उतरला. शेपूट हलवू लागला. दार उघडलं.

"घे," हेमांगी म्हणाली. "तुझा."

पडद्यावर शेवटचा प्रश्न आला: क्या दोनों फिर मिलेंगे? दोघांनी आपापलं बटण दाबायचं होतं.

"तुला काय पाहिजे?" तिनं विचारलं.

नवलनं वहिनीकडे पाहिलं नाही. "मले तं भेटनं शे," तो म्हणाला. "तुले?"

फोन कट झाला.

संध्याकाळी रुपचंदकाकांचा निरोप आला. "पोरगी हो म्हणते. आणि म्हणते, पहिल्या खोलीत तो जो शुद्ध बोलणारा गृहस्थ होता, त्याला लग्नाला बोलवू नका."

हेमांगी पाचवी ते सातवी शिंदखेड्याला मावशीकडे शिकली; तिथं वर्गात अहिराणीशिवाय कुणी काही बोलत नसे.