वूशेचा चढ आणि लेकाचा शिक्का

"आजी, इथे मुलाचा शिक्का लागेल," सायकल मंडळाच्या कचेरीतली मुलगी म्हणाली आणि तिने अर्ज माझ्याकडे परत सरकवला. दोन्ही हातांनी, मान लववून. आमच्याकडे अपमानसुद्धा दोन्ही हातांनी देतात.

"माझा शिक्का मारलाय की," मी म्हटलं. आमच्याकडे सही म्हणजे ज्याच्या त्याच्या नावाचा कोरलेला शिक्का. "हा बघ, लालभडक. ह्सू सूछिंग. ती मीच."

"हो आजी, पण यंदा नवीन नियम आलाय. सत्तरीपुढच्यांना घरच्यांची संमती लागते. मुलगा किंवा मुलगी. अगदीच कोणी नसेल तर पुतण्याही चालेल."

"पुतण्या चालेल?"

"चालेल ना," ती हसून म्हणाली. मला मोठी सवलतच देत होती!

मला एकच पुतण्या. चौथीत असताना तो आमच्या लीचीच्या झाडावरून पडला, तेव्हा त्याला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात मी पळत नेलं होतं. त्या पुतण्याची संमती माझ्या पायांना चालते आणि माझी चालत नाही. मी त्या मुलीला आणखी बरंच ऐकवणार होते, पण तिच्या टेबलावर अर्धवट खाल्लेला वाफाळता रताळ्याचा पाव होता आणि बिचारीचं त्याच्याकडे लक्ष होतं. नियम तिने थोडाच केला होता? मी अर्ज उचलला आणि बाहेर येऊन सायकलचं कुलूप इतक्या जोरात ओढलं की शेजारचा कुत्रा उठून बसला.

मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. दर नोव्हेंबरात आमच्या पुली गावातून वर डोंगरातल्या वूशेपर्यंत मंडळाची चढाई असते. चोवीस किलोमीटर, आणि पहिले काही सोडले तर सगळा चढ. गेली पाच वर्षं मी ती करते आहे. पहिली येत नाही, शेवटचीही येत नाही. वर पोचते, डबा खाते, उतरते. एवढंच. कोणाच्या पोटात दुखायचं काय कारण होतं?

आणि सायकल मी हौस म्हणून धरली नाही. नऊ वर्षांपूर्वी माझा नवरा चिनफा गेला. मधुमेहाने. सोफ्यावर बसून गेला असंच म्हणते मी, कारण शेवटची दहा वर्षं तो तिथून उठलाच नाही. तो गेल्यावर मी त्याच सोफ्यावर बसायला लागले. वर्षभरात माझी साखर तीनशेच्या वर. आमचं घर तीन मजली, पितरांचा देव्हारा सगळ्यात वर. एका सकाळी उदबत्ती घेऊन निघाले ती दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरच बसले. उदबत्ती हातातच जळून संपली. राख मांडीवर पडली तेव्हा मी रडले, ते चिनफासाठी नव्हे. स्वतःचीच चीड आली होती.

चिनफाबरोबर टपाल खात्यात होते ते माओसोंग भाऊजी दुसऱ्या आठवड्यात आपली जुनी सायकल घेऊन दारात उभे राहिले. "वहिनी, चालून गुडघे जातील. यावर बसा. पडलात तर मी आहे." पडले. दोनदा पडले. पहिल्या महिन्यात बाजारापर्यंत, दुसऱ्यात भाताच्या खाचरांपर्यंत, वर्षाने सूर्योदयाच्या आत वीस किलोमीटर. आज माझी साखर डॉक्टर दोनदा तपासतात, खोटी वाटते म्हणून. देव्हाऱ्यापर्यंत मी दिवसातून दोनदा जाते, कठडा न धरता.

हे सगळं ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो माझा मुलगा युआन. एकोणपन्नास वर्षांचा. बायको श्यूफेन आणि मुलीबरोबर गावातच नव्या इमारतीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने जातो. रविवारी जेवायला येतो तेव्हा बुटांच्या नाड्या बांधताना त्याला धाप लागते. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत.

त्या रविवारी मी त्याच्यापुढे डुकराच्या मांसाचा रस्सा आणि भात ठेवला आणि भाताच्या शेजारी अर्ज, त्याचं नाव नि फोन भरून.

त्याने वाचला. नुसता वाचला, हात लावला नाही. "आई, आता पुरे की."

"काय पुरे?"

"पाच वर्षं केलंस ना? फोटो आहेत, पदकं आहेत. आता घाटात काही झालं, छातीत कळबिळ आली, तर जबाबदारी कोणाची?"

"माझी छाती, माझी कळ."

"तसं नसतं गं. शिक्का माझा असणार ना कागदावर." त्याने रश्शातलं अंडं फोडलं. "शिवाय मी आणि श्यूफेन बोलत होतो. खालच्या खोलीत तुझा पलंग लावू. सोबतीला एक इंडोनेशियाची बाई ठेवू. सायकल मी नेतो घरी, पोरगी चालवेल."

तेव्हा मला सगळा डाव दिसला. डाव म्हणजे कपट नव्हे. माझा मुलगा कपटी नाही, प्रेमळ आहे, आणि तेच जास्त वाईट. आज शिक्का, उद्या सायकल, परवा खालची खोली. एकदा का मी कबूल केलं की माझ्या अंगावर दुसऱ्याची परवानगी लागते, की मग ती कधी झोपायलाही लागेल, कधी उठायलाही.

"तुझ्या श्यूफेनला सांग," मी म्हटलं, "पलंग लावायचा तर तिने तुझ्यासाठी लावावा. नाड्या बांधता बांधता पडशील एक दिवस."

"आई, चेष्टा नको."

"चेष्टा कोण करतंय!"

तो रस्सा अर्धा टाकून गेला. अर्ज तिथेच राहिला, एका कोपऱ्यावर सोया सॉसचा डाग घेऊन.

सोमवारी सकाळी मी बिस्किटांचा डबा काढला. घरातल्या सगळ्यांचे शिक्के त्यात असतात आणि डबा माझ्या ताब्यात असतो. लग्न झाल्यापासून असतो. युआनच्या प्रगतिपुस्तकावर त्याच्या बापाचा शिक्का मीच मारायचे. घराच्या कागदांवर, विजेच्या अर्जावर, युआनच्या लष्करी भरतीच्या पत्रावर, सगळीकडे लाइ चिनफा म्हणून जे उमटलंय ते माझ्या हाताने उमटलंय. चिनफाला शिक्का कुठे असतो तेही ठाऊक नव्हतं. तेव्हा कोणी विचारलं नाही की बाई, नवऱ्याची संमती आहे का. शिक्का दिसला की झालं.

मग मुलाचा शिक्का मारायला मी का लाजावं? चष्मा वरच्या मजल्यावर होता, कोण जातंय आणायला. शिक्का काढला, लाल शाईत दाबला, कागदावर दाबला, आणि सायकल काढून थेट कचेरीत.

"झालं आजी?" मुलगी म्हणाली.

"झालं."

तिने कागद पाहिला, शिक्का पाहिला, हसली. "बघा, मुलं किती काळजी करतात!" मला नंबर मिळाला, एकशे बारा.

गुरुवारी युआनच्या नावाचं रजिस्टर पत्र जुन्या पत्त्यावर आलं. पोस्टमन दारात उभा, म्हणून मी त्याचा शिक्का आणायला डबा उघडला. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता. युआनचा शिक्का कोरडा ठणठणीत, वर्षभरात शाई न लागलेला. त्याच्या शेजारचा, तसाच तपकिरी, तसाच गोल, तसंच पहिलं अक्षर, आडनावाचं लाइ, तो मात्र लाल शाईने माखलेला होता. मी पोस्टमनला वाटेला लावलं आणि तिथेच फरशीवर बसले.

मला संमती चिनफाने दिली होती. नऊ वर्षांपूर्वी मेलेल्या चिनफाने.

संध्याकाळी माओसोंग भाऊजींना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांचं हेल्मेट घसरलं. ते अठ्ठ्याहत्तरचे, त्यांच्या मुलीने शिक्का मुकाट दिला होता. "गप्प बसा वहिनी. वाचतोय कोण? जन्मात सायकलवर न बसलेला माणूस आणि तुम्हाला घाट चढायला परवानगी देतो. भारीच आहे!"

ते हसत होते, मला मात्र हसू येईना. तो कागद चार दिवस त्यांच्या फायलीत होता. मेलेला पुरुष चालला. जिवंत बाई चालली नव्हती.

तरी मी गप्प बसणार होते. मला चढायचं होतं. रविवारी पहाटे सहा वाजता मंडळाच्या तंबूपाशी पोचले, नंबर पाठीला लावला. सत्तरीपुढच्यांना यंदा पिवळी जाकिटं होती, लांबून ओळखू यावं म्हणून. तीही घातली. आणि मंडळाचे सचिव ध्वनिक्षेपकावरून बोलायला लागले.

"आज आपल्यात बारा ज्येष्ठ स्वार आहेत! त्यांच्या मुलांनी मोठ्या मनाने त्यांना परवानगी दिली आहे. अशा प्रेमळ मुलांसाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. चढणार आम्ही, टाळ्या मुलांना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्यात गर्दीतून युआन आला, घरच्या सपाता घातलेला, लालबुंद.

"आई! मंडळाचा मला काल आभाराचा निरोप आला. कसले आभार? तू माझा शिक्का मारलास?"

"नाही."

"मग कोणाचा?"

"तुझ्या बापाचा."

कचेरीतली मुलगी जवळच होती. तिने फायलीतून अर्ज काढला, नाकाजवळ नेला, आणि तिचा चेहरा पडला. "आजी... हे लाइ चिनफा कोण?"

"माझा नवरा. नऊ वर्षांपूर्वी वारला."

सचिवांनी ध्वनिक्षेपक बंद केला, पण जरा उशिराच. सगळ्यांनी ऐकलं होतं. कोणी तरी फिसकन हसलं.

"मग हे चालणार नाही," सचिव म्हणाले.

"सहा दिवस चाललं की!" माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "सहा दिवस तुमच्या फायलीत मेलेल्या माणसाचा शिक्का होता, काही बिघडलं? त्याने तुम्हाला माझी साखर सांगितली? माझे गुडघे दाखवले? मी मात्र तुमच्या टेबलासमोर दोन पायांवर उभी होते, माझा शिक्का घेऊन, आणि मला म्हणता पुतण्या आणा! माझं हृदय तपासायचं तर तपासा. डॉक्टरचा कागद मागा, तो आणते, दहा आणते. पण परवानगी? या पायांना मी चालायला शिकवलं, दोनदा. हा माझा मुलगा, यालाही मीच शिकवलं. आता हा मला सांगणार?"

सचिव बिचारे घामेघूम झाले. ते वाईट नव्हते. मागल्या वर्षी दुसऱ्या कुठल्या गावात एक म्हातारा घाटात कोसळला, त्याच्या मुलांनी मंडळाला फार छळलं, त्यावरून हा नियम. त्यांनी हळूच मार्ग काढला. "हे बघा, मुलगा इथेच आहे. त्यांनी आत्ता सही केली तरी चालेल. मिटलं की मग."

सगळे युआनकडे बघायला लागले. तीनशे माणसं, तीनशे सायकली. माझा मुलगा सपातांत उभा. त्याने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी चोरी पकडली गेली की असाच बघायचा. मग त्याने हात पुढे केला.

"द्या पेन. करतो सही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. परत त्यालाच.

"नको," मी म्हटलं.

"अगं आई, देतोय ना!"

"कळलं मला, देतोयस. मला तेच नको."

मी जाकीट काढलं, घडी घातली. नंबर सोडवला, त्याच्या चारही पिना परत लावल्या आणि दोन्ही त्या मुलीच्या हातात दिलं. दोन्ही हातांनी. तिचे डोळे भरून आले होते, माझा तिच्यावर काही राग नव्हता. माओसोंग भाऊजींनी मात्र आपला नंबर काढला नाही. त्यांना पदक हवं होतं आणि मंडळाच्या डब्यात यंदा बदक होतं. "वहिनी, मी मागून येतोच," ते पुटपुटले. मी कोणाचीच वाट पाहिली नाही. रस्ता सरकारचा आहे. बाजारहाटाला जाणाऱ्या बाईला त्यावर सायकल चालवायला कोणाचा शिक्का लागत नाही.

खालचा सपाट भाग मी रागाच्या जोरावर काढला, आणि ती चूक झाली. पहिल्या खऱ्या चढाला मांड्या भरून आल्या. लहान गिअर टाकला, श्वास मोजायला लागले. तरणी पोरं बाजूने जाताना ओरडली, "आजी, जोर लावा!" त्यांना उत्तर द्यायला दम नव्हता. दहाव्या किलोमीटरला मागून मोटारीचा आवाज आला आणि तो पुढे जाईना. दिवे उघडझाप करत, माणसाच्या चालीने, युआनची गाडी माझ्या मागे.

दोन वळणं मी सहन केलं. मग पाय टेकला. काच खाली आली.

"आई, बस गाडीत. ओठ पांढरे पडलेत तुझे."

"पाणी पिते, लाल होतील." प्यायले. अर्धं पाणी हनुवटीवरून खाली सांडलं, ते त्याने पाहिलं आणि मीही लपवलं नाही. "दमलेय. चढ आहे, दमणारच. पण तू मागे राहिलास तर मी सारखी तुझ्याकडेच बघत राहीन आणि दरीत जाईन. वर जाऊन थांब नाही तर घरी जा."

मागे भाजीचा टेम्पो भोंगा वाजवत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता, माझ्यासारखाच. राग त्याने माझाच उचललाय.

"आणि काही झालं तुला, तर?" तो ओरडला. "लोक विचारतील, चौऱ्याहत्तराव्या वर्षी आईला घाटात सोडलंस कसं! काय सांगू मी त्यांना?"

"सांग, आईने मला विचारलं नव्हतं."

टेम्पोवाल्याने पुन्हा भोंगा वाजवला. युआनने गाडी गिअरमध्ये टाकली, मला वळसा घालून पुढे गेला आणि वळणाआड दिसेनासा झाला. मी बाटली जागेवर ठेवली आणि उरलेले चौदा किलोमीटर चढायला लागले.